रांजणगावला ठेवलेलं प्रस्थान

माझी बॅग माझ्या बऱ्याच आधी अमेरिकेला निघाली. मुहूर्तावर निघाली, हळदीकुंकू लावून निघाली, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला गेला, आणि ती गेली ती थेट वाळूजजवळच्या रांजणगावला माझ्या मामाच्या खोलीत जाऊन बसली. मी मात्र मुकुंदवाडीतच, घरी राहिलो. हे कसं झालं ते सांगतो. हसायला हरकत नाही, मीही हे हसतच सांगत आलोय. फक्त शेवटी शेवटी कुणीतरी विचारतं, "मग पुढं काय झालं?" तिथं मी साधारणपणे चहा मागवतो.

आमचे आजोबा सिल्लोडच्या बाजूला मेंढरं राखायचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातली काठी टाकून पाना धरला आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर झाले. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि अमेरिकेतल्या एका थंडगार गावच्या विद्यापीठाला अर्ज ठोकला. त्यांचं उत्तर आलं की ये, आमच्या पोरांना प्रयोगशाळेत शिकव, तूही शीक, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, फीचं आम्ही बघतो. हे उत्तर आलं त्या दिवशी अण्णांनी अख्ख्या पाळीला पेढे वाटले. व्हिसा नावाची एक गोष्ट अजून बाकी आहे, असं मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "त्यो मिळंल की. बोलावलंय त्यांनीच. आपण काय भिताडावरून उड्या मारून चाललो का?"

मग बॅग भरणं सुरू झालं. अण्णांनी शहागंजातून कडक पाठीची लालभडक सुटकेस आणली. तिला दोन किल्ल्या होत्या. एक मायनं मंगळसूत्रात अडकवली, दुसरी माझ्याकडे आली. आमच्या विभागातले एक सर कधीकाळी सहा महिने परदेशात राहून आले होते. त्यांनी बजावलं की तिकडे काहीही मिळत नाही. मायनं ते शब्दशः घेतलं. प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, ज्वारीचं पीठ, लोकरीचे जाड पायमोजे, मावशीनं विणलेला पोपटी स्वेटर, छावणीतल्या शिंप्याकडून शिवलेला कोट, आणि सगळ्यात खाली आजोबांची काळी घोंगडी. घोंगडीला मी विरोध केला. माय म्हणाली, "बर्फात तुझा कोट काय करंल? मेंढरालाच इचार थंडी कशानं जाती ती."

बॅग भरून झाली आणि मायनं प्रस्थानाचा विषय काढला. ज्यांना ही चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबच्या प्रवासाला निघायचं असेल आणि चांगला मुहूर्त आधीच येत असेल, तर त्या मुहूर्तावर आपलं थोडं सामान उचलून प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग माणूस सवडीनं निघाला तरी चालतं. आमचे लोक मेंढरं घेऊन बाहेर पडायचे तेव्हा एक घोंगडी आणि एक तवा पुढच्या शिवारात आधी नेऊन ठेवायचे. या सगळ्यात नियम एकच, पण पोलादी: ठेवलेलं प्रस्थान माघारी घरात आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला.

गुरुजींनी पंचांग उघडून ज्येष्ठातला एक गुरुवार काढला आणि म्हणाले, "प्रवासाच्या दिशेला ठेवा. अमेरिका पश्चिमेला."

अण्णा म्हणाले, "पर विमानतळ तर चिकलठाण्याला हाय, उगवतीला. पोरगं आधी तिकडं जाईल का नाय?"

"विमान उडून कुठं जातं? मुंबईला. मुंबई कुठं? मावळतीला."

"आवं, पण पाऊल आधी उगवतीला पडणार ना."

मी एस.टी.नं मुंबईला जाणार होतो, विमानतळाचा काही संबंधच नव्हता. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण माझ्या प्रवासात माझं मत कुणी विचारत नव्हतं. तेवढ्यात मामा पुढे सरसावला. मामा वाळूजला एका नव्या कारखान्यात लेथवर होता. नवीन कारखान्यातला माणूस म्हणून त्याच्या शब्दाला जुन्या कारखान्यातल्या अण्णांपेक्षा जरा जास्त वजन होतं, निदान मामाला तसं वाटायचं.

"दाजी, पृथ्वी गोल हाय," मामा म्हणाला. "उगवतीला गेलं तरी अमेरिकाच येती. पर लई फेरा पडतो. मावळतीकडून जवळ. आन् मावळतीला रांजणगावात आपली खोली हायेच."

अण्णा म्हणाले, "असं सरळ म्हण ना, बॅग तुझ्या घरी पायजे म्हणून. पृथ्वीला कशाला मधी घेतो?"

गुरुजींनी मामाच्या बाजूनं निकाल दिला. गुरुवारी सकाळी सहाआसनी रिक्षात मधल्या सीटवर बॅग बसली, दोन्ही बाजूंनी माय आणि मामा, पुढे अण्णा. मला मागे सामानाच्या जागी पाय मुडपून बसावं लागलं. मामीनं दारात बॅगेच्या चाकांवर पाणी ओतलं, तिला ओवाळलं आणि खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलं. शेजारच्या खोल्यांमधले कामगार दाराशी येऊन बघून गेले. एकजण बॅगेला हात लावून विचारत होता, "हीच जाणार का तिकडं?" मामा म्हणाला, "हीच. निघालीच आहे."

आता राहिले होते दोन कागद. एक व्हिसा, आणि तो मिळण्याआधी आमच्या विद्यापीठाकडून माझ्या गुणपत्रिकांच्या सीलबंद प्रती. त्या अमेरिकेला हव्या होत्या, व्हिसाच्या खिडकीलाही हव्या होत्या. मी अर्ज दिला आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाची खिडकी बंद झाली.

आमच्या विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न त्या वर्षी पुन्हा तापला होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा त्या बंदच्या विरोधात दुसरा बंद. एक दिवस कार्यालय उघडायचं तर बाबू आलेला नसायचा. बाबू यायचा तर शिक्का ज्या कपाटात असायचा त्याची किल्ली असलेला साहेब गावाला गेलेला असायचा. मी रोज सायकल हाणत जायचो आणि फाटकावर पोलीस बघून परत यायचो.

त्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना मी एकाच माणसाला भेटायचो. तो माझ्या प्रयोगशाळेतल्या बाकावरचा मित्र. तो नामांतराच्या चळवळीत होता. लहान असताना याच प्रश्नावरून त्याच्या गावात त्याच्या वस्तीतली घरं जळली होती. हे त्यानं मला दोन वर्षांत एकदाच सांगितलं, तेही ब्युरेटमध्ये थेंब मोजता मोजता, माझ्याकडे न बघता. मोर्चात तो पुढे असायचा आणि मोर्चा संपला की माझ्याबरोबर कँटीनच्या बंद दारासमोर बसायचा.

"खिडकी कधी उघडंल रे?" मी विचारायचो.

"तुला खिडकी उघडायला पायजे, मला कमानीवरचं नाव पायजे," तो म्हणायचा. "दोघांचाही नंबर अजून लागला नाय. बस गुमान."

"अण्णा इचारत होते, नाव बदललं तर माझी डिग्री बदलंल का?"

"तुझी कशाला बदलंल? माझी बदलंल," तो म्हणाला आणि खिशातली चिक्की मोडून अर्धी मला दिली.

ऑगस्ट आला आणि गेला. अमेरिकेतल्या विद्यापीठानं कळवलं की जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवतो, त्यापुढे नाही. मी घरी येऊन सांगितलं तर माय म्हणाली, "बघ, परस्थान ठिवलं म्हणून जागा राहिली. नायतर गेली असती." कारखान्यात रोज सकाळी हजेरीच्या खिडकीवर लोक त्यांना विचारायचे, "फिटरदादा, पोरगं गेलं का?" अण्णा म्हणायचे, "निघालंय." मग ते हजेरीला सगळ्यांच्या आधी, एकटेच जायला लागले.

मी दर रविवारी रांजणगावला बॅगेला भेटायला जायचो. हसू नका, खरंच जायचो. लोक देवळात जातात तसा जायचो, चप्पल बाहेर काढायचो, मामी चहा टाकायची आणि आम्ही तिघं बॅगेकडे तोंड करून बसायचो. पहिल्या महिन्यात तिच्यावर स्वच्छ पांढरा टॉवेल होता. दुसऱ्या महिन्यात टॉवेलवर मामाचा रेडिओ आला. तिसऱ्या महिन्यात रेडिओशेजारी मामीचं शिवणकाम. चौथ्या महिन्यात मामाचा धाकटा पोरगा तिच्यावर बसून अभ्यास करत होता आणि मला म्हणाला, "दादा, ही बॅग अमेरिकेला गेल्यावर मी कुठं बसू?"

मग एके दिवशी मामीकडे पाहुणे आले आणि तिचं पातेलं लहान पडलं. मायनं निरोप आणि तिच्याकडची किल्ली पाठवून परवानगी दिली: वस्तू वापरली तर चालती, बॅग जागची हालू नये. कुकर निघाला. मामी म्हणाली, "बाबा, तुमच्या अमेरिकेतला कुकर लई चांगला हाय. डाळ मिनटात शिजती." ज्वारीच्या पिठात किडे झाले म्हणून तेही गेलं. चटणी खवट व्हायच्या आत खाऊन टाका, असं मायनंच सांगितलं. ती मामाच्या डब्यातून त्याच्या पाळीतल्या सगळ्यांनी खाल्ली आणि मला शुभेच्छा कळवल्या. दिवाळीनंतर थंडी पडली आणि सकाळच्या पाळीला मामा माझा पोपटी स्वेटर घालून निघू लागला. मला बघून जरा ओशाळला आणि म्हणाला, "भाचे, लोकरीला हवा लागली पायजे. नायतर कसर लागती." मी म्हणालो, "मामा, लावा हवा. मनसोक्त लावा."

खरं सांगतो, तोवर माझी जायची सगळी उमेद निघून गेली होती. मी बॅगेतून एकेक वस्तू बाहेर पडताना बघायचो आणि मला वाटायचं, माझ्यातूनच कुणीतरी एकेक घडी बाहेर काढून ठेवतंय. पण मायला तसं वाटत नव्हतं. तिच्या दृष्टीनं बॅग भिंतीला टेकलेली होती, तोवर मी वाटेवर होतो.

डिसेंबरात एक दिवस खिडकी उघडली. मला कळायच्या आत मित्र माझ्या नंबरला जाऊन उभा राहिला होता. दुपारी मी धापा टाकत पोचलो तर तो लाखेचं सील लावलेलं पाकीट हातात घेऊन पायरीवर बसला होता. म्हणाला, "घे. आता मुंबई गाठ. हितं आणखी काय काय होईल कुणाला ठाव."

मी कोट घालायला रांजणगावला गेलो, कारण कोट बॅगेत होता. मामीनं त्याला इस्त्री करून दिली. त्याच कोटात मी एस.टी.नं मुंबईला गेलो आणि वकिलातीच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा काचेपलीकडे एक गोरी बाई बसली होती. चेहरा प्रेमळ. तिनं सीलबंद पाकीट उघडलं, गुण बघितले, मान डोलावली. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"गुण चांगले आहेत," ती म्हणाली. "प्रवासाची तयारी झाली का?"

इथं माझ्यातला नट जागा झाला. इतके महिने कुणी इतक्या आपुलकीनं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, तयारी जूनमध्येच झाली. माझी बॅग केव्हाच घराबाहेर पडली आहे."

"म्हणजे?"

"मामाकडे ठेवली आहे. आमच्याकडे तशी पद्धत आहे. एकदा निघालेलं सामान परत घरी आणत नाहीत."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. माझी आई ती बॅग दारात घेणार नाही."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी," मी म्हणालो, छाती काढून.

तिनं काहीतरी लिहिलं. मग तितक्याच प्रेमळपणे सांगितलं की शिक्षण संपल्यावर तुम्ही आपल्या घरी परत याल अशी माझी खात्री पटलेली नाही, सबब व्हिसा देता येत नाही. मी म्हणालो, नाही मॅडम, ते फक्त सामानाचं आहे, माणसाचं नाही, माणूस परत येऊ शकतो, बॅग तेवढी येऊ शकत नाही. ती ऐकत होती. तिच्या मागचा माणूस पुढच्या नंबराला हाक मारत होता. माझा पासपोर्ट त्या फटीतून माझ्याकडे परत सरकला, आणि मी कोटाची बटणं लावत बाहेर आलो.

परतीची एस.टी. पुण्यावरून होती. सकाळी वाळूजच्या फाट्यावर उतरलो, कारण तिथून मुकुंदवाडीला जायची माझी छाती झाली नाही. मामा पाळीला निघाला होता, अंगात पोपटी स्वेटर. माझं तोंड बघून त्यानं डबा खाली ठेवला. मामीनं रेडिओ बॅगेवरून उचलून फळीवर ठेवला.

मामाचा निरोप मिळाला तशी माय दुपारी आली. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "मग आता?"

मी म्हणालो, "आता बॅग घरी नेऊ. मोडला प्रवास."

"नाय न्यायची," माय म्हणाली.

"अगं माय, कुठं जायचंच नाय तर..."

"नाय न्यायची म्हणले ना. तू हितं ऱ्हा. सामान हाय तिथं माणसानं ऱ्हावं."

मामानं पुढच्या आठवड्यात मला वाळूजच्याच एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा चढवायच्या, कारखान्यात चिकटवलं. माझं काम टाक्यांमधलं रसायन तपासायचं. नव्या कारखान्यांना केमिस्ट हवेच होते, रोज एक शेड उभी राहत होती. माझ्या एम.एस्सी.कडे मॅनेजरनं इतक्या कौतुकानं बघितलं की मला त्याची कीव आली. मी मामाच्या खोलीत राहायला लागलो आणि माझी किल्ली लावून पायमोजे काढले. टाक्यांच्या खोलीत फरशी ओली असायची, बुटात जाड पायमोजे लागायचेच.

जानेवारीत नामांतर झालं. मित्र पेढे घेऊन कारखान्याच्या फाटकावर आला. त्याचा आवाज घोषणांनी पार बसला होता, खाणाखुणा करून बोलत होता, आणि मी त्याला इतका आनंदी कधी बघितला नव्हता. मीही आनंदात होतो, खोटं नाही सांगत. त्यानं कानाशी येऊन घोगऱ्या आवाजात विचारलं, "परत अर्ज करणार का?" मी विचारलं, "परत केला तर?" तो म्हणाला, "तर आता कागद नव्या नावाचा लागंल. परत खिडकी." दोघंही हसलो. मग तो गेला आणि मी टाक्यांकडे गेलो. अर्ज मी केला नाही. का केला नाही याला मी पुढे पुष्कळ चांगली चांगली कारणं रचली, ती इथं सांगत बसत नाही.

आमच्या गल्लीत मात्र वेगळंच झालं होतं. मी दिसेनासा झालो तेव्हा बायकांनी मायला विचारलं, "पोरगं गेलं का?" माय म्हणाली, "व्हय, गेलं." कुठं गेलं हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. अण्णांच्या कारखान्यात पुन्हा एकदा त्यांचं अभिनंदन झालं. ते त्यांनी मान खाली घालून घेतलं. रांजणगावला ते त्यानंतर आले नाहीत. मामाला म्हणाले, पाळी जमत नाही.

तर असा मी वीसेक किलोमीटरवर राहत होतो आणि माझ्या गल्लीत जाऊ शकत नव्हतो. मुकुंदवाडीकडे जाणारी शहर बस कारखान्यासमोरून जायची. तिच्यात आमच्याकडचं कुणी खिडकीशी दिसलं की मी वळून पानाच्या टपरीकडे तोंड करायचो. माय दर रविवारी डबा घेऊन यायची. पहिल्या काही रविवारी आम्ही खूप हसलो. ती सांगायची, शेजारीण इचारत होती, पोराचं पत्र येतं का. मी म्हणले, पत्र कशाला, मी सोता जाऊन बघून येते की. ती म्हणे, काय चेष्टा करता आक्का. मामी हसून हसून पदर तोंडाला लावायची.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी जेवण झाल्यावर मी मायला म्हणालो, "बास झालं आता. पुढच्या रविवारी मी घरी येतो. विचारलं तर सांगू, नाय जमलं म्हणून."

माय डब्याची झाकणं लावत होती. तिनं ती सगळी लावली.

"आत्ता नको," ती म्हणाली. "तुझे अण्णा अजून कामाला जातात तिथं. दोन वर्सांचं शिक्षण म्हणला होतास ना? दोन वर्सं होऊ दे. मग ये. शिकून आला म्हणून सांगू."

मी बरं म्हणालो. तिला फाट्यापर्यंत सोडायला गेलो, आणि बस येताना दिसली तसा चार पावलं मागे, टपरीच्या आड उभा राहिलो.